ओर्फेलिना मावशीचा राहिलेला दिवस

ओर्फेलिना मावशीने आम्हाला पाणी दिलं, हे मी चारचौघांत सांगते आणि सांगत राहणार. कुणाला ते जास्त वाटलं तर त्याने टँकरचा उन्हाळा आठवावा. आमचं चिलोए बेट म्हणजे बारा महिने पाऊस, लोकरीचा स्वेटर कधी धड वाळत नाही, आणि आम्ही बादल्या घेऊन टँकरपुढे रांगेत! मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गावचा ओढा दोन झऱ्यांचा. एक मावशीच्या रानात, दुसरा शेजारच्या सोफानोर बारिआच्या उतारावर. मावशीच्या रानात गुरं सोडणारे आम्हीच, सरपण तोडणारे आम्हीच, आणि झाडांखालचं ओलं शेवाळ ओरबाडून पोत्यांनी विकणारेही आम्हीच. ती ओरडायची, आम्ही हसायचो. टँकर आला त्या वर्षी तिने ओरडणं सोडलं आणि सावड मागितली. घरोघर गेली, उंबऱ्यापाशी उभी राहून रीतीप्रमाणे म्हणाली, "रानाला कुंपण घालायचंय. कृपा करून या." असं मागितल्यावर आमच्यात कुणी नाही म्हणत नाही. मागणाऱ्याने पोटभर जेवू घालायचं आणि पुढे प्रत्येकाच्या कामावर जाऊन त्याचा दिवस फेडायचा.

अख्खं गाव लोटलं. बटाट्याचे मिलकाव तळून तळून माझे हात पोळले. सोफानोरही बैलजोडी घेऊन आला. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. कुणाचे उपकार नकोत म्हणून जन्मात कधी त्याने सावड मागितली नव्हती. दिवसभर खांब ओढले आणि स्वतःच्या हद्दीशी येऊन थांबला.

"इथून पुढे माझं. माझ्या गायी इथेच चरणार."

"अरे, तुझा झरा चिखल झालाय," मावशी म्हणाली.

"माझा आहे ना? मग झालं!"

कुंपण तिथेच थांबलं. मग आली फेडायची वेळ. मावशीचे गुडघे गेलेले, ती कुणाचे बटाटे काढणार? तर म्हणाली, "माझ्याकडे आहे त्यातून फेडीन." ज्याचा दिवस फेडायचा होता त्याला, बायकापोरांसकट, ती रानात घेऊन जायची.

पहिली मी. बटाटे शेतात कुजत होते आणि ही बाई मला झाडं दाखवणार! जाम वैतागले होते. तिने मला गुडघ्यांवर बसवलं आणि म्हणाली, "दाब." मी शेवाळ दाबलं तर पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"ही तुझी टाकी, मेलानिया. ही पोत्यात भरून विकतेस आणि मग बादली घेऊन टँकरमागे धावतेस. शहाणीच आहेस!"

मला राग आला, मग हसू आलं. शेवाळाचं मूळ न उपटता वरचं थोडंसंच कसं खुडायचं, ते तिने त्या दिवशी माझ्या हातांना शिकवलं. तसं सगळ्यांनाच शिकवलं. पुढे शाळेच्या बाई मुलांना आणायला लागल्या, बाप्ये मिळून काटेरी झुडपं काढायला लागले. गुरांनी खुडून टाकलेली आरायानच्या झाडांची रोपं वाढून माझ्या खांद्याला लागली. ओढा पुरता भरला नाही, पण टँकर यायचा थांबला. देव तिचं भलं करो.

फक्त सोफानोरने आपला दिवस घेतला नाही. चर्चच्या दारात ती त्याला गाठायची, "घेऊन टाक रे बाबा तुझा दिवस."

"मला पानं बघायची नाहीत. राहू दे," म्हणून तो टोपी घालून चालू पडायचा.

यंदा मावशीला हृदयाचं दुखणं लागलं. पुएर्तो मोंतहून लेक तिला न्यायला आली. सामान बांधून झालं आणि मावशी खाटेवर बसून रडायला लागली. "एक दिवस अंगावर राहिला गं. आणि तो झराही तसाच उघडा. मी अशी कशी जाऊ?"

मला राहवलं नाही. तशीच सोफानोरकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. दगड म्हणाले, आणखीही काही म्हणाले. तो बैलांना चारा घालत राहिला.

दिवेलागणीला माझं दार वाजलं. बघते तर सोफानोर. टोपी हातात, मान खाली.

"उद्या वरच्या उताराला कुंपण घालायचंय," तो म्हणाला. त्याने टोपी चुरगाळली. "कृपा करून या."

असाच तो घरोघर गेला होता.

सकाळी त्याने बैल ओढतात त्या बिनचाकी घसरगाडीवर मेंढीची कातडी अंथरली आणि मावशीच्या दारात उभा राहिला. "मावशी, माझा दिवस मागायला आलोय."

वर गाव आधीच जमलं होतं. मावशी गाडीत बसून बोट दाखवायची, "तिथे नको, पाणी तिथून झिरपतं. अलीकडे घे." ती दाखवील तिथे सोफानोर खड्डा खणायचा. शाळेतली पोरं भोवती कोंडाळं करून बसली. दुपारपर्यंत झऱ्याभोवती खांब उभे राहिले आणि मावशीला धाप लागली. लेक म्हणाली, आता पुरे.

"चला, फिटलं बाई," मावशीने डोळे पुसले. "आता कुणाचं देणं नाही माझ्यावर."

सोफानोरने फावडं टेकवलं. "फिटलं कसं? दुपार झालीय फक्त. अर्धाच दिवस दिलात. उरलेला अर्धा परत आल्यावर."

"मेल्या, मी परत येईन की नाही, देवाला ठाऊक!"

"ते मला माहीत नाही. अर्धा दिवस माझा बाकी आहे, मी सोडणार नाही."

मावशी त्याला चिकट म्हणाली, चेंगट म्हणाली, आमच्यासमोर नाही नाही ते बोलली. आणि गाडी खाली निघाल्यावर उतार संपेपर्यंत शेजारून चालणाऱ्या सोफानोरची बाही घट्ट धरून बसली.