सोडचिठ्ठीतली मोकळी जागा

पुण्यात राहूनही शहाणा न झालेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या शेजारचे पाद्री. या शहरात कोण कुठून येतं आणि सहा महिन्यांत दुसऱ्याला अक्कल शिकवू लागतं. पाद्री मात्र गोव्याहून जसे आले तसेच्या तसे राहिले. श्रीमंत पेशव्यांच्या तोफखान्यात गोव्याकडचे किरिस्ताव गोलंदाज होते, त्यांच्या प्रार्थनेसाठी यांना आणलेलं. गोलंदाजांना प्रार्थनेपेक्षा झोप प्यारी, त्यामुळे पाद्रींना फावला वेळ पुष्कळ. तो ते दुसऱ्यांची पोरं गोळा करण्यात घालवत. मी त्यांना अहोजाहो करत असे. पुण्यात तुच्छता दाखवायलाही आदरार्थी बहुवचन लागतं.

पोरंही कोणती, तर ज्यांच्या आईबापांची काडीमोड झालेली, किंवा ज्यांच्या घरी दोघांपैकी एकच उरलेला. प्रार्थनाघराच्या पडवीत अशी सात-आठ पोरं कायम असत. पाद्री त्यांना स्वतः पेज करून वाढत. ती पेज म्हणजे कुठे पाणी, कुठे दगडासारखी गुठळी. जेवणाआधी गाणं म्हणायचं असा नियम होता आणि ते पाद्री स्वतः म्हणत. त्यांचा सूर लागला की तोफा ओढणारे बैल कान पाडत, मी खिडकी लावून घेई. पोरांना मात्र ते गाणं पाठ होतं, आणि त्यांच्या तोंडी ते बरं वाटे, हे मला कबूल करावं लागतं.

पोरांना बाटवायचा हा डाव आहे असं पेठेत सगळे म्हणत. मीही वर्षभर पाळत ठेवली. पाणी शिंपडणं नाही, नाव बदलणं नाही. शेवटी मीच विचारलं, "अहो, मग हा उद्योग तरी कशासाठी?" ते म्हणाले, "कारकूनबाब, पोराचं एक घर आधीच मोडलंय. दुसरं मी कशाला मोडू?" ते पोरांना येशूची गोष्ट सांगत, पण त्यातले चमत्कार गाळून. त्यांना आवडे तो जुझे नावाचा सुतार, ज्याने आपल्या रक्ताचं नसलेलं मूल मांडीवर घेतलं. "सावत्र बाप वाईटच असतो असं कोण म्हणतो? जुझेला बघा, पोराला रंधा धरायला शिकवला," असं ते पोरांना बजावत. एवढी मोठी पोथी जवळ असून माणूस एका सुतारापाशी अडकावा, याचं मला हसू येई.

माझे मामा धायरीचे कुलकर्णी. त्यांची नजर गेल्यापासून गावचे कागद लिहायला मी जात असे. त्या बाजूला नवराबायकोचं फाटलं की पंचांसमोर काडी मोडतात, मग सोडचिठ्ठी लिहितात आणि खाली पाटील नांगराची निशाणी करतो. मी दप्तर उचललं की पाद्री छत्री घेऊन मागोमाग हजर. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मोडलेल्या काडीचे दोन्ही तुकडे धुळीतून उचलले, झग्याचा दोरा काढून बांधले आणि पंचांपुढे धरले. "जोडली. आता नांदा."

पाटलाने काडी उलटीसुलटी पाहिली. "पाद्रीबाबा, काडीनं का संसार जोडतो व्हय?"

"काडीनं मोडतो ना?"

चावडी हसून हसून लोळली. सोडून चाललेली बाईसुद्धा हसली. मला त्यांच्या शेजारचा म्हणवून घ्यायची लाज वाटली. पाद्रींनी ती काडी पोथीत ठेवली. पुढे अशा पुष्कळ काड्या जमल्या. रोज संध्याकाळी ते एकेक काढून त्या घरच्या पोराचं नाव देवाला सांगत. मी एकदा म्हणालो, "आपल्या देवाला फारच विसर पडतो वाटतं." ते म्हणाले, "देवाला नाही हो, गावाला पडतो."

मग चिमीची काडीमोड आली. म्हणजे तिच्या आईबापांची. पण मी हे असं लिहितो आहे याला पाद्रीच कारण आहेत. चिमी तेव्हा सहा वर्षांची. आई पाट लावून कात्रजला निघाली होती आणि नव्या नवऱ्याला मागलं मूल नको होतं. बापालाही नको होतं. मी चिठ्ठी लिहून शाई सुकायला वाळू टाकली, तेवढ्यात पाद्री खांद्यावरून वाकले.

"कारकूनबाब, यात पोरीचं नाव नाही."

"सोडचिठ्ठीत पोरांची नावं घालत नाहीत. रिवाज नाही."

"एकच ओळ. मुलीने आईला भेटावं, कोणी अडवू नये. खाली एवढी जागा मोकळी आहे."

"ती जागा नांगरासाठी आहे."

"नांगर एवढा मोठा असतो?"

पंच पुन्हा हसले, आणि या खेपेला मीही. ओळ मी लिहिली नाही. चिमी चावडीच्या पायरीवर उभी होती. तिला पाद्री बोटाला धरून घेऊन आले.

तीन वर्षं ती पडवीत राहिली. आई कधीमधी लपूनछपून येऊन भेटून जाई. मग बापाच्या दुसऱ्या बायकोला मूल झालं, आणि पाळणा हलवायला कुणीतरी हवं म्हणून बापाला लेक आठवली. तो आला आणि दारातूनच ओरडला, "माझी पोर हाय, मी नेतो. तिच्या आयशीनं आता तिचं तोंड बगायचं न्हाई. बगावं म्हनून कुठं लिवलंय का?"

पाद्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीत होतो. कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी चिमीच्या हातात फडक्यात बांधलेला खोबऱ्याचा तुकडा दिला आणि तिला जाऊ दिलं. मला ते अक्षरानेही बोलले नाहीत. बोलले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

त्यानंतर दर आदितवारी, प्रार्थना आटोपली की, हा म्हातारा पुण्याहून धायरीला आणि धायरीहून डोंगराच्या कडेने कात्रजला चालत जाई. मायलेकींचे निरोप पोहोचवायला! आणि निरोप कसले, तर आई विचारते उवा गेल्या का, लेक सांगते दात पडला. "पडलेल्या दातासाठी गुडघे झिजवता?" मी म्हणालो. "मोठा आहे हो दात," ते म्हणाले, आणि झग्याच्या खिशातून काढून मला दाखवला.

गेल्या थंडीत त्यांना ताप भरला आणि चार दिवसांत ते गेले. गोलंदाजांनी त्यांना पुरलं. त्यांची पोथी कुणाला वाचता येईना, म्हणून ती माझ्याकडे आली. मलाही ती वाचता येत नाही. काड्या मात्र येतात. प्रत्येक काडीची सोडचिठ्ठी मीच लिहिलेली.

पहिल्या आदितवारी मी धायरीला गेलो. मामांच्या दप्तराचा रुमाल सोडला, चिमीच्या आईबापांचा कागद काढला, चिमीच्या बापाला बोलावून घेतलं आणि पाटलाच्या समोरच बोरू शाईत बुडवला. मुलगी चिमी हिने आईस भेटावे, कोणी अडवू नये. ओळ सहज मावली.

पाटील म्हणाला, "हे आदी नव्हतं, भाऊसाहेब."

"राहिलं होतं."

"इतकी वर्सं?"

"माझ्याकडून राहिलं होतं."

बाप पाटलाकडे बघत होता. पाटलाने माझ्या हातातून बोरू घेतला. मग त्याने ओळीखाली पुन्हा एक नांगर काढला, आणि तोही सहज मावला. बापाला एवढंच म्हणाला, "जाऊ दे पोरीला. कागदात हाय."

चिमी आता नऊ-दहा वर्षांची आहे. पाद्री गेल्याचं मी तिला कात्रजच्या वाटेत सांगितलं. ती रडली नाही, नुसती चालत राहिली. डोंगराची चढण लागली तेव्हा म्हणाली, "पाद्रीबाबा इथं गानं म्हनायचे, खाली घरापातुर ऐकू यायचं. तुमास्नी येतं का?"

"नाही. मला सूर नाही."

"त्यांस्नी तरी कुठं व्हता?" ती म्हणाली. "म्हना."

इतकी वर्षं खिडकी लावून घेत होतो, तरी ते गाणं मला शब्द न् शब्द पाठ निघालं.