बिनवाळूचं वाळवंट

डोंगरातून फिरून आलं की पँटला कुसळं चिकटलेली असतात. चालताना कळत नाही, घरी बसून काढायला घेतली की कळतं किती आहेत ते. शिक्षकांच्या शिबिराचे किस्सेही तसेच. गेले तीन उन्हाळे मी शिक्षकांना लोहगडवाडीच्या वरच्या पठारावर नेतोय. तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. किस्से मात्र नंतर एकेक काढत बसतो!

माझं काम फक्त वाट दाखवायचं. पण यंदा शिबिर घेणाऱ्या सबनीस मॅडमनी वेगळंच काढलं. "शेवटच्या दिवशी दहा मिनिटं तू शिकवायचं. जमलं तर पुढच्या शिबिरापासून शिकवणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव."

मी आठवीतून शाळा सोडली ती वर्गात उभं राहून बोलायच्या भीतीनं. आणि आता समोर अठ्ठावीस शिक्षक! मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं.

*

शिबिराचं नाव भारी आहे, 'वाळवंटाचं भूशास्त्र आणि जीवशास्त्र'. आणि ते भरतं मावळात! नाव वाचून वराळ्याचे जाधव सर आले ते गॉगल लावून, तोंडाला उपरणं गुंडाळून. जीपमधून उतरले, समोरचा डोंगर बघितला आणि मला विचारलं, "वाळू कुठंय?"

मॅडमनी समजावलं. पावसाळ्यात इथं धो धो पाऊस पडतो, पण पठारावर माती जेमतेम बोटभर. पाणी खडकावरून वाहून जातं. दिवाळी उलटली की खडक सुकायला लागतो आणि इथलं गवत, शेवाळ वाळवंटातल्या झाडांसारखंच तग धरून राहतं.

"सर, वाळवंट म्हणजे वाळू नव्हे. पाण्याशिवाय दिवस काढणं म्हणजे वाळवंट."

जाधव सरांनी गॉगल काढला. "मग एवढं चढायचं कशाला मॅडम? आमच्या सोसायटीतच घ्यायचं की शिबिर!"

*

याच जाधव सरांच्या शर्टाच्या खिशात कायम खडू असतो. पठारावर एक काळा कातळ आहे, भिंतीसारखा उभा. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे कसे राहिले, हे मॅडम सांगत होत्या. मागच्या बाईंना कळेना. झालं! जाधव सर उठले, खडू काढला आणि कातळावर तारीख टाकली. खाली 'विषय : विज्ञान'. त्याखाली रेघ. मग बुडबुड्यांची आकृती, नावांसकट.

मॅडम ओरडल्या, "अहो सर, फळा नाही तो! त्याच्यावर दगडफूल जगतंय. एवढं वाढायला वर्षानुवर्षं लागतात त्याला!"

सर ओशाळले. मी बाटली दिली, सर हळूहळू पाणी ओतून खडू धुवायला लागले. तेवढ्यात मागून तीन-चार आवाज आले.

"सर, थांबा थांबा! आमचं उतरवून घ्यायचं राहिलंय!"

*

दुसऱ्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला दोरीचा एकेक चौकोन आखून दिला. पंधरा मिनिटं गप्प बसायचं आणि चौकोनात जे दिसेल ते लिहायचं. मुंगी, भेग, गवताची काडी, काहीही.

दोन मिनिटं झाली नसतील, लोणावळ्याच्या काळे बाई उठल्या. बाई मुख्याध्यापिका, पुढच्या वर्षी रिटायर होणार. हात मागे बांधून चौकोनांच्या मधून फिरायला लागल्या. "शेजारच्याचं बघू नका." मग जाधव सर उठले. मग आणखी दोघं. शेवटी बघतो तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जण हात मागे बांधून फिरतायत, आणि सगळे चौकोन रिकामे!

मॅडमनी डोक्याला हात लावला. "सगळेच सुपरवायझर? मग पेपर कोण लिहिणार?"

*

धोंडूआबा आमच्या वाडीचे. पठारावर गुरं चारतात. शिकवणं चालू असलं की काठीला टेकून तेही ऐकतात. मॅडम सांगत होत्या, "हा सगळा भाग लाव्ह्यानं तयार झालाय. एकावर एक थर साचत गेले."

आबांनी विचारलं, "म्हंजी समदं त्येचंच? खालची भाताची खाचरंबी?"

"हो आबा, सगळं."

"त्येच्या आदी हितं कुनीच न्हवतं?"

"कुणीच नाही."

आबांनी सुस्कारा टाकला. "बरं झालं. नायतर माजा चुलतभाऊ म्हनतो, पयला कब्जा त्येचा!"

*

काळे बाईंनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "किती शिकलास बाळ?"

"आठवी."

तेव्हापासून बाई माझ्या मागे लागल्या. चढावर धाप लागली तरी थांबत नव्हत्या. "सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरून दहावीला बस. ऐकतोयस ना बाळ?" मी पुढे पळायचो. सबंध शिबिरात कुणी मागे राहिलं नाही, याचं खरं कारण हेच. मी बाईंपासून पळत होतो आणि बाकीचे माझ्या मागे!

*

शेवटचा दिवस उजाडला. माझा पाठ होता कातळाच्या कपारीतल्या वाळक्या शेवाळावर. आदल्या दिवशी घरी आईला तो दहा वेळा म्हणून दाखवला होता. आई भाकरी थापत म्हणाली, "लय ग्वाड बोलतोस. पर त्यांच्याकडं बघून बोल, चुलीकडं न्हाई."

मी त्यांच्याकडं बघितलं. अठ्ठावीस वह्या उघडलेल्या, अठ्ठावीस पेनं तयार. मॅडम लांब, हाताची घडी घालून उभ्या. आणि माझं पाठ केलेलं सगळं गेलं. पहिला शब्दसुद्धा आठवेना.

मी नुसतं शेवाळाकडे बोट केलं. तपकिरी, कुरकुरीत, हात लावला तर चुरा होईल असं.

"मेलंय ते," जाधव सर म्हणाले.

मी बाटलीचं झाकण काढलं आणि त्यावर पाणी ओतलं. काहीच झालं नाही. मी गप्प. त्यांना वाटलं ही माझी शिकवायची पद्धतच आहे, म्हणून तेही गप्प. एक जण कुजबुजला, तर काळे बाईंनी असं बघितलं की त्यानं पेनसुद्धा खाली ठेवलं. अख्ख्या शिबिरात एवढी शांतता कधी झाली नव्हती.

मग एका कडेला वळलेलं टोक उलगडलं. मग शेजारचं. तपकिरी रंग हळूच मागे सरत गेला आणि आतून हिरवा वर आला. कोणीतरी म्हणालं, "अगं बाई!" वह्या तिथंच राहिल्या. सगळे गुडघ्यांवर सरकत पुढे आले. साड्यांना माती लागली, कुणाला भान नव्हतं. बघता बघता सगळं शेवाळ हिरवंगार झालं.

आता तरी बोलायला पाहिजे, म्हणून मी घसा खाकरला. तेवढ्यात अगदी पुढे बसलेल्या काळे बाईंनी हात वर केला. नजर शेवाळावरून हटली नव्हती. बाकीची बोटं मिटलेली, फक्त करंगळी उभी.

"सर, जाऊ?"

"जा," मी म्हणालो. "पण लवकर या."