बोरगावचा तंबाखू आणि पूर्वेचा वारा

सकाळी आठचं रीडिंग घेऊन मी पुण्याला पाठवायची तार लिहीत होतो, तेव्हा फाटकाशी दोन माणसं येऊन थांबली. चाळिशीची एक बाई आणि तिच्यामागे उंच, सडसडीत असा एक गडी. बाईच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी बाहेर आलो तसं तिनं फडकं सोडलं आणि तंबाखूचं एक पान माझ्यापुढे धरलं.

"वारं बघणारं मास्तर तुम्हीच न्हवं?" तिनं विचारलं. "हे पान आज उचलू का परवा, एवढंच सांगा."

ही पद्माक्का. बोरगावची. नवरा वारल्यापासून आठ एकराचं रान ती स्वतः बघत होती. बरोबरचा तिचा दीर, भूपालअण्णा. बेळगावातल्या वडगावात माझ्या शेजारी त्यांचे पाहुणे, म्हणजे नातेवाईक, राहत. निपाणीहून सर्व्हिस मोटारीनं दोघं आदल्या दिवशी त्यांच्याकडे उतरले होते आणि माझी चौकशी करून सकाळीच इकडे आले होते.

मी तेव्हा बेळगावच्या वेधशाळेत ऑब्झर्व्हर होतो. वेधशाळा म्हटलं की लोकांना मोठी दुर्बीण आठवते. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. तारेचं कुंपण घातलेला एक चौकोन, त्यात झडपांची पांढरी लाकडी पेटी, पेटीत थर्मामीटर, बाजूला पाऊस मोजायचं पात्र, उंच खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. शेजारच्या खोलीत भिंतीला टांगलेला बॅरोमीटर. सकाळी आठला हे सगळं वाचायचं, आकड्यांच्या कोडमध्ये बसवायचं आणि तार करायची. शंभर गावांहून अशा तारा पुण्याला जात. तिथले साहेब त्यावरून नकाशा काढत आणि अंदाज देत. अंदाज देणं आमचं काम नव्हतं. तसा नियमच होता.

पद्माक्काला मी तेच सांगितलं. ती हलली नाही. तिनं मला तंबाखूची गोष्ट समजावून दिली, आणि ती इतक्या नीट दिली की आजही माझ्या लक्षात आहे.

तंबाखू कापला की रानातच पसरून ठेवतात. पाच-सहा दिवस ऊन खाल्लं की पान वाळतं. मग पहाटे दव पडून पान जरा मऊ झालं की ते उचलायचं. दवाशिवाय उचललं तर हातात चुरा होतो. पद्माक्काची लागण त्या वर्षी लवकर झाली होती, म्हणून डिसेंबरातच कापणी आली. तिनं कापलं ते बघून आजूबाजूच्या पंधरा-वीस घरांनीही कापलं. चार दिवस झाले होते. पानाच्या कडा वाळल्या होत्या, पण मधली शीर अजून ओली होती. अशा पानाचा ढीग घातला तर तो आतून तापतो, बुरशी धरते. आणि रानात ठेवलं असताना पाऊस आला तर पानाचा चिकटपणा धुऊन जातो, काळे डाग पडतात, व्यापारी त्याला हात लावत नाही. दोन्हीकडून वर्षाचं पीक जाणार.

"दोन दिवस झालं, दव पडंना झालंय," ती म्हणाली. "रात्री घोंगडं लागंना. ह्यो म्हणतोय आजच उचलू. सगळं गाव म्हणतंय उचलू. खालचं काय ते मला कळतंय मास्तर, पण वर काय चाललंय ते न्हाय कळत."

ही बाई जे सांगत होती तेच मी पाच मिनिटांपूर्वी कोडमध्ये लिहिलं होतं. आठवडाभर पहाटे थर्मामीटरचा पारा पंचावन्न-छप्पन्न अंश फॅरनहाइटपर्यंत उतरत होता. त्या दिवशी तो सहासष्टच्या खाली गेलाच नव्हता. वारा पूर्वेचा होता. आकाशात उंचावर पिसांसारखे ढग होते. आणि बॅरोमीटर कालच्या आठपेक्षा खाली होता.

इथं जरा थांबून सांगतो. बॅरोमीटर म्हणजे हवेचं वजन सांगणारी पाऱ्याची नळी. हवा चांगली असली तरी तो पारा रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली. नवखा माणूस दुपारी चारला बघतो आणि वादळ आलं म्हणून घाबरतो. त्यामुळे कालचे आठ आणि आजचे आठ असेच ताडून बघायचे. ते ताडून बघितल्यावर मला बरं वाटलं नव्हतं.

पुण्याची आदल्या दिवसाची तार टेबलावर होती. बंगालच्या उपसागरातलं एक डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचा भोवरा, मद्रासच्या बाजूला जमिनीवर चढून पश्चिमेकडे सरकत होतं. कर्नाटकाच्या आतल्या भागात एक-दोन ठिकाणी पाऊस, असा अंदाज होता. तो चुकीचा नव्हता. पण त्या एक-दोन ठिकाणांत बोरगाव आहे की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

नेमके त्याच आठवड्यात इन्स्पेक्शनला पुण्याहून एक साहेब आले होते. नाडकर्णी त्यांचं नाव. वर्षातून एकदा येऊन ते आमची उपकरणं तपासत. खोलीत बसून ते सगळं ऐकत होते. मी आत गेलो तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"देसूरकर, तुमचं काम काय?"

"रीडिंग घेणं, सर."

"आणि अंदाज?"

"पुण्याचं काम, सर."

"मग झालं." त्यांनी ओळ पुरी केली. मग म्हणाले, "रीडिंग मात्र गुप्त नसतं. कुणी विचारलं तर वाचून दाखवायला हरकत नाही."

मी बाहेर येऊन पद्माक्काला रीडिंग वाचून दाखवलं. काल काय होतं, आज काय आहे, आणि भोवरा कुठून कुठे चाललाय. तिनं एकेक ऐकून घेतलं. भूपालअण्णा मध्येच म्हणाला की म्हणजे आजच उचलायचं, मोटार गाठू या. तिनं त्याला हातानंच थांबवलं.

"तुमचा तंबाखू असता तर काय केलं असतं?" तिनं मला विचारलं.

ह्या प्रश्नाला नियमात उत्तर नव्हतं. मी खानापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. आमचं भात. मळणीच्या दिवसांत आभाळाकडे बघणारी माणसं मी लहानपणापासून पाहिलेली. ती बाई चाळीस-पन्नास मैल मोटारीत धक्के खात माझ्याकडे आली होती, आणि तिला मी एक-दोन ठिकाणी असं सांगून परत पाठवणार होतो.

"आज उचलला नसता," मी म्हणालो. "उद्या दुपारपर्यंत ऊन खाऊ दिलं असतं. पण उद्याची रात्र रानात काढू दिली नसती."

मग आम्ही एक ठरवलं. दुसऱ्या दिवशी मी सकाळचं रीडिंग बघायचं आणि निपाणीच्या पोस्टात तार करायची. भूपालअण्णानं सायकल घेऊन तिथं थांबायचं. 'उचला' किंवा 'थांबा', एवढाच एक शब्द. दोघं निघून गेले. मी आत आलो तर साहेब खिडकीतून पूर्वेकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहालाच हजर झालो. सूर्य वर आला तेव्हा त्याच्याभोवती खळं होतं. आठला बॅरोमीटरचा पारा आणखी उतरला होता. तरी मी तार केली नाही. दहा वाजेपर्यंत तो रोजच्यासारखा वर चढतो का, ते मला बघायचं होतं. चढला नाही तर पाऊस जवळ आला, असा माझा हिशोब. दहाला तो चढला, पण रोजच्या निम्माच. याचा अर्थ काय लावायचा हे माझ्या हिशोबात बसत नव्हतं. साडेदहाला आकाश दुधी काचेसारखं झालं. अकराला दक्षिणेकडे काळी पट्टी दिसायला लागली.

जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. आत्ता तार केली तर अर्धं ओलं पान ढिगात जाणार. न केली तर कदाचित सगळंच भिजणार. पंधरा-वीस घरांचं पीक माझ्या एका शब्दावर, आणि तो शब्द देण्याचा मला अधिकारही नव्हता. वाटलं, कालच नियम सांगून मोकळा झालो असतो तर बरं झालं असतं.

"सर, तुम्ही काय कराल?" मी साहेबांना विचारलं.

"मी?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी पुण्यात असतो तर एक-दोन ठिकाणी पाऊस असं लिहिलं असतं आणि जेवायला गेलो असतो. म्हणून तर मला कुणी तंबाखूचं पान आणून दाखवत नाही."

बाराला तार ऑफिसात जाऊन मी 'उचला' अशी तार केली.

दुपारी चार वाजता ढग फाटले आणि लख्ख ऊन पडलं. काळी पट्टी दक्षिणेकडून तशीच निघून गेली होती. मी कुंपणाच्या आत उभा होतो आणि माझी सावली स्वच्छ दिसत होती. रात्री थंडी पडली. दुसऱ्या दिवशी पहाटे गवतावर दव होतं, थर्मामीटर एकोणसाठपर्यंत उतरला होता आणि आकाश जवळजवळ निरभ्र होतं. माझ्या तारेवर विश्वास ठेवून त्या लोकांनी ओलं पान ढिगात घातलं असणार, आणि ते आता आतून तापत असणार. वडगावातल्या त्या पाहुण्यांच्या दारावरून जायला नको म्हणून मी गल्ली बदलून कामावर आलो होतो.

साहेबांनी त्या दिवशी नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मला काढून दाखवलं. भोवऱ्याचे ढग सलग येत नाहीत, पट्ट्यापट्ट्यांनी येतात. काल दिसला तो पहिला पट्टा. तो दक्षिणेकडून गेला. मागे दुसरा आहे की नाही, ते संध्याकाळपर्यंत कळेल. समजावून सांगण्यात त्यांचा हात चांगला होता. पण माझं लक्ष नव्हतं.

चारनंतर दुसरा पट्टा आला. साडेपाचला बेळगावात थेंब सुरू झाले आणि सातपर्यंत चांगली सर पडून गेली. पाऊस बघून मला एवढा आनंद नोकरीत कधी झाला नव्हता. पण तो निम्माच. बोरगावात काय झालं हे अजून कळायचंच होतं.

दोन दिवसांनी भूपालअण्णा आला. मला बघताच हसला, आणि मी पायरीवरच बसलो. त्यानं सांगितलं ते असं.

तार मिळाल्यावर तो सायकल हाणत गावात पोचला. लोक जमलेच होते. 'उचला' म्हटल्यावर सगळे रानाकडे निघाले. पद्माक्का मात्र आधी एकटीच रानातून फिरून आली. वरच्या, मुरमाड जमिनीतलं पान तयार होतं. खालच्या काळ्या रानातल्या पानाची शीर दाबली की अजून ओलं लागत होतं. तिनं सांगितलं की वरचं आत्ता उचलायचं, दव नव्हतं म्हणून पाण्याचा हलका हात मारून. खालचं एवढ्यात नाही. लोक तिच्याशी भांडले. तारेत तसं कुठं लिहिलंय, म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "मास्तर बेळगावात बसलाय, रानात न्हाय. त्यो एखाद्या दिवसानं चुकंल असं धरूनच मी आलतो."

आमच्याकडे बायकाही असं बोलतात, आलतो, गेलतो. भूपालअण्णानं तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

तेवढ्यात ऊन पडलं. खालच्या पानाला दोन तास ऊन मिळालं. रात्री थंडी पडून पहाटे दव आलं आणि पान मऊ झालं. दिवस उगवायच्या आत गावातली सगळी माणसं रानात उतरली. दुपारी बारापर्यंत खालचं रानही मोकळं झालं, ढीग घालून, वर पाचट आणि ताडपत्री टाकून झाली. दिवस मावळताना बोरगावात तासभर पाऊस पडला. रिकाम्या रानावर.

"एक पान भिजलं न्हाय मास्तर," भूपालअण्णा म्हणाला. "आक्कानं सांगितलंय, पुढल्या साली परत विचारायला येणार म्हणून."

मी त्याला खरं ते सांगून टाकलं. माझी वेळ पुरी सव्वा दिवसानं चुकली होती, आणि सगळ्यांनी माझं तंतोतंत ऐकलं असतं तर निम्मा माल कुजला असता. त्यानं ते मनावर घेतलं नाही. पाऊस येणार म्हटलात, आला की, म्हणाला. चहा घेऊन तो गेला आणि मी तीन दिवसांनी पोटभर जेवलो.

नाडकर्णी साहेब दुसऱ्या दिवशी पुण्याला परत गेले. जाताना मी त्यांना विचारलं की रिपोर्टात माझ्या तारेबद्दल काही लिहिणार का. ते म्हणाले, खाजगी तारा तपासणं माझ्या कामात येत नाही. गाडीत चढता चढता मात्र त्यांनी मला बोरगावचा पाऊस नेमका किती वाजता सुरू झाला ते विचारलं, आणि खिशातल्या वहीत टिपून घेतलं.

पुढे तीस वर्षं मी हवामानाच्या नोकरीत काढली. नंतर मलाही अंदाज लिहायचा अधिकार मिळाला. माझे अंदाज बरेच बरोबर आले, काही साफ चुकले. बरोबर आले की लोक मला मानत, चुकले की हसत. त्या दोन्हींचा मला फारसा उपयोग झाला नाही. अंदाज सांगणाऱ्यानं तो किती चुकू शकतो तेही सांगावं, आणि ऐकणाऱ्यानं स्वतःचं पान एकदा दाबून बघावं. नोकरीत मी एवढंच शिकलो, आणि त्यातलं दुसरं मला खात्यानं शिकवलेलं नाही.