पास झाल्याचा गूळ

दौंडहून कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टला जाताना रस्त्याकडेला पीयूसीची एक जुनी व्हॅन उभी असायची. माझी मोटारसायकल ऑइल पिणारी, निळा धूर ओकणारी. सर्टिफिकेटची मुदत संपली की मी ती घेऊन तिथं जायचो.

व्हॅनमधले गृहस्थ पन्नाशीचे. नाव कधी विचारलं नाही, सगळे म्हणायचे म्हणून मीही मामाच म्हणायचो. मामा मशिनची नळी सायलेन्सरमध्ये खुपसायचे, तोंड फिरवायचे आणि गळ्यातल्या उपरण्याने डोळे टिपायचे. मग दमलेल्या आवाजात म्हणायचे, "पास." लगेच खिशातल्या पुडीतून गुळाचा खडा काढून तोंडात टाकायचे. दर गाडीला हेच.

मला वाटायचं, गाडी पास झाली म्हणून तोंड गोड करतात. एकदा रात्रपाळी करून वैतागून आलो होतो. म्हटलं, "मामा, धुरानं माझेच डोळे चुरचुरतायत आणि गाडी पास? वर दहावीचा निकाल लागल्यागत गूळ खाताय!"

मामा हसले नाहीत. "ह्या मशिनला दोनच गॅस कळत्यात. त्ये हद्दीत असलं की गाडी पास. बाकी काय काय निघतंय त्ये कुनी इचारत न्हाई. त्ये बसतंय गळ्यात. म्हून गूळ."

"गुळानं जातं का?"

त्यांनी पुडी माझ्यापुढे धरली.

"न्हाई. पन गोड लागतंय."