साठ बांगडे आणि एक मग पाणी

करमाडच्या गल्लीत कडुबाविषयी शेजारी म्हणत, "गळ्यात माळ अन् हातात मासा! देवाला कसं चालतं कोण जाणे." कडुबा औरंगाबादेतल्या एका प्रयोगशाळेत कंत्राटी मदतनीस होता. मासा त्याने कधी चाखला नव्हता, समुद्रही पाहिला नव्हता. पण बांगड्याच्या शेपटीचा नखाएवढा तुकडा त्याच्याइतका नेमका तिथे कोणी कापत नसे.

ते तुकडे तिथे पीएचडी करणाऱ्या स्वरदाताईंच्या संशोधनासाठी लागत. तीन बंदरांवरचे बांगडे एकाच कुळातले की वेगळे, हे ओळखण्यासाठी त्या माशांच्या डीएनएमधल्या खुणा शोधत होत्या. सगळ्या माशांत सारखीच असणारी खूण निरुपयोगी. माशागणिक बदलणारी हवी. चार वर्षांत अशा बारा सापडल्या होत्या.

२०१६च्या उन्हाळ्यात साठ मासे तपासले आणि घोळ झाला. एका माशात एका खुणेचे फार तर दोनच प्रकार निघतात, एक आईकडून, एक बापाकडून. इथे तीन-तीन, चार-चार दिसू लागले. मार्गदर्शक म्हणाले, "खुणाच भरवशाच्या नाहीत. सोडून द्या." त्या दुपारी स्वरदाताईंनी डबाही उघडला नाही.

कडुबाने दारातूनच विचारले, "ताई, हा तिसरा कुणाचा म्हणायचा?"

"दुसऱ्या कुठल्यातरी माशाचा. पण तो यात येईल कसा?"

कडुबा आत आला. "माझ्या कात्रीनं आला असंल. नळाला पाणी नव्हतं. एकाच मगात कात्री बुडवून साठच्या साठ मासे कापले. पाणी फेकायचं जिवावर आलं."

नोकरी जाण्याजोगीच ही कबुली होती. ताईंनी मात्र एवढेच विचारले, "मासे आहेत?"

"हायेत की. एकबी टाकला नाय. फ्रीजरात हायेत."

दुसऱ्या दिवसापासून तो घरून पाण्याचा कॅन एसटीने आणू लागला. तुकडे पुन्हा कापताना प्रत्येक माशाला कात्री नव्या पाण्यात, मग स्पिरिटमध्ये, मग ज्योतीवर. महिन्याभराने निकाल आले. दोनाच्या वर प्रकार एकाही माशात नव्हते. बाराही खुणा टिकल्या.

त्या महिन्यात करमाडला टँकर आठ दिवसांनी येई. एका सकाळी शेजारच्या सारजाबाईंनी कॅन पाहून त्याला अडवले, "कडुबाभाऊ, आम्ही टँकरपाशी डोकी फोडून घेतो, अन् तू मेलेल्या माशाला पाणी पाजतो व्हय?"

"व्हय, पाजतो. माझ्या अंघोळीचं हाय, तुझ्या घागरीतलं नाय. मागं वाचवलं, तर ताईंची चार वर्षं पाण्यात चालली होती."