चालू स्थितीतली गाडी

ते प्रकरण मला आजही आठवतं, आणि आठवलं की मान खाली जाते. त्या तपासात खरा चोर सापडला, मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि तरीही ती हकीकत मी घरात कधी सांगितली नाही. आता नोकरी संपून बरीच वर्षं झाली. लिहून टाकतो.

नव्वदच्या दशकात मी सुरतला सब-इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं मूळचं खान्देशातलं. वडील लूमवर राबले, मी गुजराती शाळेत शिकलो आणि गुजरात पोलिसात लागलो. ठाण्यात मराठी माणूस मी एकटाच, त्यामुळे मराठी वस्तीच्या डिंडोली भागातली सगळी भांडणं, मारामाऱ्या, पळून गेलेल्या पोरी माझ्या टेबलावर यायच्या. ‘तुमचीच माणसं आहेत, तुम्हीच बघा,’ असं म्हणत सहकारी हसायचे. ते हसणं मला फार झोंबायचं. आपण आपल्या माणसांना पाठीशी घालतो असं कुणाला वाटू नये म्हणून मी मराठी माणसाशी दुप्पट कडक वागायचो. त्याला मी तेव्हा निःपक्षपातीपणा म्हणत होतो. खरं तर तो भेकडपणा होता.

उधन्याच्या बाजूच्या एका पॉवरलूमच्या कारखान्यातून पाच इलेक्ट्रिक मोटर चोरीला गेल्या. मोटरमधलं तांबं भंगारात चटकन खपतं. दोन दिवसांनी माझा खबरी, पानाची टपरी चालवणारा माणूस, ठाण्यात आला. म्हणाला, “साहेब, त्या कारखान्याचा फिटर डिंडोलीत राहतो. त्याच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये विलायती गाडी आहे. दोन दारांची, रेसची. आणि खाली तांब्याचे तुकडे पडलेत.”

मला आणखी काय हवं होतं? लूमचा फिटर, आपल्याकडचा माणूस, आणि त्याच्याकडे रेसची गाडी. चोरीशिवाय हे शक्यच नाही, असं मी जीपमध्ये बसण्याआधीच ठरवून टाकलं.

शेडमध्ये खरोखरच गाडी होती. लाल, बुटकी, लांब नाकाची. वय वीस-पंचवीस वर्षांचं असेल, पण पुसून पुसून लखलखीत केलेली. तांब्याचे तुकडेही होते. फिटर पंचेचाळिशीचा, किडकिडीत, हाताला ग्रीस. त्यानं गाडीचं आरसीबुक आणलं, नावावर केल्याचे कागद दाखवले. मी ते नीट पाहिलेसुद्धा नाहीत. दोन पंच बोलावले, पंचनामा लिहिला, त्यात ‘गाडी चालू स्थितीत’ असं माझ्याच हातानं नमूद केलं आणि त्यालाच गाडी चालवत जीपच्या मागून ठाण्यात आणायला लावली.

ठाण्याच्या आवारात त्यानं बॉनेट उघडलं, खालचा नळ सोडला आणि रेडिएटरमधलं सगळं पाणी काढून टाकलं.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“साहेब, गाडी उभी राहणार असली की पाणी काढून ठेवावं लागतं. आतून गंज चढतो. एवढं करा, कुणाला चालू करू देऊ नका. पाण्याशिवाय इंजिन दहा मिनिटांत खलास होईल.”

आमचे जमादार हसले, मीही हसलो. चोराला मुद्देमालाची काळजी, असं काहीतरी मी बोललो.

त्याला मी रीतसर अटक केली नाही. सकाळी बोलवायचं, संध्याकाळपर्यंत बाकावर बसवायचं, डायरीत नोंद करायची नाही. ही पद्धत त्या काळात सर्रास होती. गाडी जप्त केल्याचंही मी कोर्टाला कळवलं नव्हतं. चोरी कबूल करवून घेतो आणि मग सगळे कागद एकदम पाठवतो, असा माझा हिशोब. पंचनामा माझ्या टेबलाच्या खणात पडून होता.

“गाडी कुठून आणली?” मी पहिल्या दिवशी विचारलं.

“अठवा लाईन्सला एका सेठच्या बंगल्यात सात वर्षं सडत होती, साहेब. ते भंगारात काढत होते. मी स्कूटर विकली आणि घेतली.”

“आणि ती चालवायला पैसा कुठून येतो?”

या प्रश्नावर तो जरा हसला. “साहेब, अशी जुनी गाडी घेताना स्वस्तच पडते. घरी आली की मग खायला लागते. ब्रेकची रबरं मुंबईला कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधली, तीन फेऱ्या झाल्या. टायर या मापाचे मिळतच नाहीत, एक जोडी मिळाली ती सहा महिन्यांच्या ओव्हरटाईमची. पेट्रोल तर विचारूच नका, म्हणून मी तिला गल्लीच्या टोकापर्यंत नेतो आणि परत आणतो. इंजिनचं हेड गॅस्केट मिळत नाही, ते मी तांब्याच्या पत्र्यातून हातानं कापलं. बुशिंग मित्राच्या लेथवर काढून घेतले. बायको म्हणते, ही सवत आणून ठेवलीय.”

हे सांगताना तो आपण पोलीस ठाण्यात बसलोय हे विसरला होता. मग म्हणाला, “पाच वर्षं गेली, साहेब. आता मुंबईचा एक शौकीन माणूस घेतोय. पुढच्या गुरुवारी येणार आहे. त्या पैशात उधन्याला गाळा घेणार, माझी स्वतःची लेथ टाकणार. बयाणा दिलाय. दुसऱ्याच्या लूमखाली आडवं पडून आयुष्य गेलं, आता नको.”

इतकं सरळ बोलणं. पण मला त्यात बनावच दिसला, कारण मला तोच बघायचा होता.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब खोलीत येऊन बसले. त्यांच्यासमोर मी आवाज चढवला, आणि फिटर तेच ते सांगतोय म्हणून त्याच्या थोबाडीत मारली. तो गांगरला. तोंडून घरची भाषा निघाली, “मी चोर नई शे, साहेब. आईनी आन, नई शे.”

माझी आई माझ्याशी ज्या भाषेत बोलायची ती ही भाषा. मी त्याला म्हणालो, “गुजरातीमां बोल.” मोठ्या साहेबांनी मान डोलावली. ती मान डोलावलेली पाहून मला बरं वाटलं, हे इथं कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या सेठनं त्याच्याकडून स्टोअरची किल्ली काढून घेतली. अठरा वर्षं ती त्याच्याकडे होती.

उलगडा झाला तो अगदी साध्या गोष्टीनं. शनिवारी सकाळी ठाण्याचा पंखा दुरुस्त करायला मोटर रिवाइंडिंगवाला आला होता. माझ्या टेबलावरचे तांब्याचे तुकडे हातात घेऊन तो म्हणाला, “हा तर कोरा पत्रा आहे, साहेब. मोटरमध्ये तार असते, तिला वार्निश असतं. याचा आणि मोटरचा काय संबंध?” गॅस्केट कापून उरलेले तुकडे होते ते. शेंबडं पोरही ओळखेल अशी गोष्ट मी चार दिवस विचारली नव्हती. मग मी उलट्या बाजूनं सुरुवात केली, भंगारवाले चाळले, आणि त्याच दुपारी इच्छापोरच्या एका भंगारवाल्याकडे पाचही मोटर सापडल्या. विकणारा होता कारखान्याच्या सेठचा सख्खा पुतण्या. संध्याकाळी त्यानं कबुली दिली. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

फिटर बाहेर बाकावरच बसला होता. त्याच क्षणी गाडीची किल्ली त्याच्या हातात द्यायला हवी होती. मी त्याला म्हणालो, “तू सुटलास. गाडी सोमवारी ने, कागद तयार करायचेत.”

कागद तयार करायला दहा मिनिटं पुरली असती. मला रविवार हवा होता.

मी तेव्हा तिशीतला, माझ्याकडे एक खटारा स्कूटर. चार दिवस ती लाल गाडी माझ्या खिडकीसमोर उभी होती. रविवारी दुपारी ठाण्यात सामसूम. मी मुद्देमालाच्या कपाटातून किल्ली काढली, गाडीत बसलो आणि चालू केली. काय तो आवाज! मगदल्ल्याच्या रस्त्याला लागलो. रस्ता मोकळा होता, मी गाडी दामटली. पाण्याचं त्यानं बजावलं होतं, मी ऐकलं होतं, आणि ते माझ्या डोक्यात आलंच नाही. तीन-चार किलोमीटरवर जळका वास आला, इंजिन ठोकायला लागलं, एकदा करकचून ओरडलं आणि बंद पडलं. मी पुन्हा किल्ली फिरवली. काही हललं नाही.

जमादारांनी जीप आणून गाडी ओढत ठाण्यात नेली. आवारात दोर सोडताना एवढंच म्हणाले, “साहेब, पंचनामामां तो चालू लखेलुं छे.” पंचनाम्यात तर चालू लिहिलंय.

मी खण उघडला. जुना पंचनामा फाडला, नवा लिहिला, ‘गाडी बंद स्थितीत’. दोन्ही पंच ठाण्यासमोरचे चहावाले, नेहमीचे. त्यांनी न वाचता सह्या केल्या. हे सगळं अर्ध्या तासात झालं.

सोमवारी फिटर आला तो धुतलेला सदरा घालून. सोबत त्याची बायको होती. त्यानं आधी रेडिएटरमध्ये पाणी भरलं, मग किल्ली फिरवली. मग खाली उतरून बॉनेट उघडलं आणि इंजिनवर नुसता तळहात ठेवून उभा राहिला.

“साहेब, कुणी चालू केली होती?”

“कुणीही नाही. बंदच होती.”

मी पंचनामा आणि पावती पुढे सरकवली. त्यानं पंचनामा वाचला, अक्षर अक्षर लावत, पूर्ण वाचला. ‘बंद स्थितीत’ या शब्दांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. या आवारात ती गाडी त्यानं स्वतः चालवत आणली होती. मी पेनचं टोपण काढून पेन त्याच्यापुढे धरलं. त्यानं सही केली. बायको म्हणाली, “अहो, पण...” त्यानं हातानंच तिला थांबवलं. एका मित्राचा टेम्पो आणून गाडी ओढत नेली.

गुरुवारी मुंबईचा माणूस आला आणि परत गेला, हे मला खबऱ्यानं सांगितलं. त्या इंजिनचे आतले भाग देशात मिळत नव्हते, आणि बाहेरून मागवायचे तर गाडीच्या किमतीहून जास्त पडत होते. गाडी वजनावर भंगारात गेली. गाळ्याचा बयाणा बुडाला. तो दुसऱ्या कारखान्यात फिटर म्हणून लागला, पुन्हा दुसऱ्याच्या लूमखाली.

दोनेक वर्षांनी डिंडोलीत एका लग्नाला गेलो होतो. मांडवात तो समोर आला. मी नजर चुकवणार होतो, पण त्यानंच माझा हात धरला आणि मला त्याच्या पाहुण्यांत नेलं. त्याची बायको तिथंच पंगत वाढत होती, ती मला पाहून पाठ फिरवून निघून गेली.

“हे आपले साहेब,” तो सगळ्यांना म्हणाला. “माझ्यावर चोरीचा आळ आला होता. सेठच्या पुतण्याला धरून माझं नाव यांनीच साफ केलं. आपला माणूस ठाण्यात होता म्हणून मी वाचलो.”

त्याच्या आवाजात कुठंही टोमणा नव्हता. म्हातारी माणसं उठून हात जोडू लागली. कुणीतरी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं असं कुणी विचारलं, तर तपासाचे चार धडे सांगता येतील. आधी मुद्देमाल तपासावा, मग माणूस. संशय ठरवून घराबाहेर पडू नये. हे मी नंतर नव्या अधिकाऱ्यांना शिकवलंही, आणि त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. पण खरा धडा त्या मांडवातला आहे, आणि तो मी कुणाला शिकवू शकलो नाही. तिथं चाळीस-पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती, तो माझ्या शेजारी उभा होता, खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी नारळ कपाळाला लावला, आणि जेवायला बसलो.