बटणाचा गेर, हाताचा गेर

पायाने गेर टाकता येत नाही, म्हणून बाईने गाडीच चालवू नये, हे तुम्हाला कोणी शिकवलं? सौंसरच्या वत्सलाबाईंचा डावा पाय लहानपणापासून अधू. मोहगावच्या शाळेत शिकवायला जायचं, तर रोज कोणीतरी सोडायचं, हे त्यांना बोचायचं. शहाऐंशी साली त्यांच्या भावाने, गुणवंता फिटरने, फटफटीच्या इंजिनाची चारचाकी बनवली. गेर विजेवर. हॉर्नशेजारचं बटण दाबलं की खाटकन पडायचा. गुणवंता गावभर मिरवला.

पहिल्याच बाजाराच्या दिवशी बैलगाडीमागे गाडी थांबवून वाट मागताना बाईंनी हॉर्न समजून गेरचं बटण दाबलं. गाडी उसळली ती बैलगाडीला चुकवत थेट संत्र्यांच्या ढिगात! लोक हसले, "आता तरी घरी बसा, बाई!"

बाई बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "भाऊ, मले हातानं ओढायचा दांडा लावून दे."

"काहून? जग बटणावर चालून राहिलं, अन् तू मांगं चालली?"

"बटण काही सांगत नाही रे. दांडा ओढला का, गेर पडला का नाही हे हाताले समजते."

गुणवंता चार दिवस फुगून बसला, पण दांडा लावला. आता बाई एकट्याच शाळेत जातात, गाणं म्हणत. चढावर त्यांची गाडी जरा अडखळली, तर त्या गेर बदलून राहिल्या असं समजा. धावत येऊन ढकलू नका, फक्त बाजूला व्हा.